कल्चर ओतलं तरी तबेल्याचा वास का जात नाही?

दिवा-शीळ भागातल्या एका तबेलेवाल्या भावाचा प्रश्न असा आहे: त्यांच्याकडे 18 म्हशी आहेत. मागच्या बाजूला शेणाचा खड्डा आहे आणि धुण्याचं पाणीही त्यातच जातं. पूर्वी पलीकडे माळ होता, आता दोन टॉवर उभे आहेत आणि सोसायटीच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. एक विक्रेता सांगतो की त्याचं जिवाणूंचं कल्चर खड्ड्यात ओतलं की आठ दिवसांत वास बंद होईल. हे खरं आहे का, आणि कोणतं कल्चर घ्यावं?

खड्डा आज जसा आहे तसाच ठेवून वरून कल्चर ओतणार असाल, तर कोणतंही घेऊ नका. पैसे जातील, वास राहील, आणि जिवाणूंवरचा तुमचा विश्वासही उडेल. तो उडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण वास मारण्याचं काम शेवटी जिवाणूच करतात. त्यांना ते करता येईल अशी जागा मात्र आपण द्यावी लागते.

मी जनावरांचा डॉक्टर म्हणून कल्याण, भिवंडी, मुरबाडकडच्या तबेल्यांत जायला लागलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यातली बरीचशी शेणमुताच्या व्यवस्थेतच गेली. सुरुवातीच्या काळात कल्याणच्या खाडीकडच्या एका तबेल्यात मी स्वतः असंच एक कल्चर सुचवलं होतं. मालकाने दोन महिने इमानदारीने दर आठवड्याला खड्ड्यात ओतलं. वासात फरक पडला नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, पण मला ते फार लागलं, कारण खर्च त्यांचा झाला होता आणि सल्ला माझा होता. त्यानंतर मी बाटलीवरचं लेबल वाचायच्या आधी खड्ड्यात काय चाललंय ते बघायला लागलो.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2001 च्या सुमारास डुकरांच्या स्लरीत, म्हणजे शेणमुताच्या पातळ काल्यात, टाकायची बाजारातली 35 उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली होती. त्यातल्या बहुतेकांनी वास ठळकपणे कमी केला नाही. कारण समजायला सोपं आहे. एक ग्रॅम शेणात आधीच अब्जावधी जिवाणू असतात. हजारो लिटरच्या खड्ड्यात तुम्ही एक लिटर कल्चर ओतता, तेव्हा भरलेल्या लोकलमध्ये चार माणसं चढवता. डब्यात कोणाचं चालणार हे त्या चौघांवर ठरत नाही. हवा किती, पाणी किती, आंबटपणा किती, खायला काय, यावर ठरतं.

आता वास कुठून येतो ते बघू. तबेल्यात एकच वास नसतो, तीन-चार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. नाकाला झोंबून डोळ्यांत पाणी आणणारा दर्प अमोनियाचा. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. खवट तुपासारखा, ओकारीसारखा आंबूस वास ब्युटिरिकसारख्या आम्लांचा. आणि कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा तो खास शेणकुजका वास क्रेसॉल, इंडोल, स्कॅटोल या द्रव्यांचा. पहिला वास गोठ्याच्या फरशीवर तयार होतो, बाकीचे खड्ड्यात. टॉवरमधले लोक कोणत्या वासाची तक्रार करतात हे त्यांना नीट विचारा. 'डोळे चुरचुरतात' म्हणाले तर फरशी बघा, 'गटारासारखा येतो' म्हणाले तर खड्डा.

अमोनियाची गोष्ट अशी की ताज्या मुताला जवळजवळ वासच नसतो. मुतात युरिया असतो, शेणातल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. दोघं एकत्र आले की तासा-दोन तासांत अमोनिया सुटायला लागतो, आणि आपल्या दमट उकाड्यात दिवसभरात बहुतेक युरिया संपतो. म्हणून शेण आणि मूत जितकं वेगळं आणि जितकं लवकर वेगळं, तितका अमोनिया कमी. फरशीला दर साठ फुटांना एक फूट तरी उतार हवा, मूत वाहून नाली गाठेल असा. बहुतेक जुन्या तबेल्यांत म्हशींच्या खुरांनी कोबा खचून खळगे पडलेले असतात, मूत तिथेच साचतं. तो कोबा पुन्हा घातला तरी दर्प किती उतरतो ते मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. एकही जिवाणू विकत न घेता.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक तबेल्यात होते आणि ती चांगल्या हेतूने होते, म्हणून जरा थांबून सांगतो. तक्रार आली की लोक चुना मारतात. चुन्याने सामू, म्हणजे पीएच, वर जातो आणि आंबटपणा कमी होतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विरघळून राहणारं आणि एक हवेत उडणारं. सामू 7 असताना उडणारा भाग शेकड्यात एकाहूनही कमी असतो. 8 वर गेला की पाचेक, 9 वर पस्तिसाच्या आसपास. ओल्या मुतावर चुना टाकणं म्हणजे अडकलेला अमोनिया मोकळा सोडणं. रोगराईच्या काळात चुन्याचं काम आहेच, पण वासासाठी ओल्या फरशीवर नको. तीच गोष्ट ब्लीचिंग पावडर आणि फिनेलची. सकाळी फिनेल मारायचं आणि संध्याकाळी कल्चर फवारायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फिनेलने जे मारायचं तेच आपण संध्याकाळी पेरतो. शिवाय ब्लीचिंग पावडर अमोनियात मिसळली की घशाला त्रास देणारा वायू तयार होतो. बंदिस्त गोठ्यात तर नकोच.

खुराकाचाही यात मोठा हात आहे. दूध वाढावं म्हणून सरकी पेंड आणि चुनी हात सैल सोडून घातली जाते. गरजेपेक्षा जास्त प्रथिनं गेली की ती दुधात येत नाहीत, युरिया होऊन मुतात येतात. म्हणजे महाग पेंडीचे पैसे अमोनिया होऊन हवेत जातात आणि शेजारी तक्रार करतात. दुधाप्रमाणे खुराक ठरवून घ्या. यासाठी तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाला एकदा बसवून प्रत्येक म्हशीचा हिशेब करा.

मुख्य प्रश्न खड्ड्याचा. 18 म्हशी, प्रत्येकी साधारण 20 किलो शेण धरलं तर रोजचं 360 किलो. मूत दीडशे-दोनशे लिटर. त्यावर धुण्याचं आणि म्हशींना आंघोळ घालायचं पाणी काही हजार लिटर. हे सगळं एका खड्ड्यात गेलं की आत हवा पोचत नाही. हवा नसली की तिथे नांदणारे जिवाणू अर्धवटच कुजवतात आणि आंबूस आम्लं, सल्फाइड, स्कॅटोल मागे सोडतात. खड्डा काळा दिसतो, बुडबुडे येतात, वरची साय फोडली की भपकारा येतो. अशा ठिकाणी हवेवर जगणारे चांगले जिवाणू कितीही ओता, बुडालेल्या माणसाला जेवण वाढल्यासारखं आहे.

म्हणून पहिलं काम कोरडेपणाचं. आधी फावड्याने शेण उचला, मग धुवा. पाइप लावून शेणासकट सगळं नालीत ढकलण्याची सवय मोडली तरी अर्धी लढाई होते. कामगारांना सुरुवातीला जास्त कष्ट वाटतात, म्हणून मी मालकांना सांगतो की चांगलं रुंद फावडं आणि चाकाची गाडी आधी द्या, मग नियम सांगा.

उचललेलं शेण ढिगात घालायचं, खड्ड्यात नाही. ताज्या शेणात ऐंशी टक्के पाणी असतं, त्यामुळे नुसत्या शेणाचा ढीगसुद्धा आतून गुदमरतो. त्यात कोरडं, पोकळ काहीतरी मिसळावं लागतं: भाताचा पेंढा बारीक करून, भातगिरणीचं तूस, लाकडाचा भुसा, वाळका पाला. ओलावा 65 टक्क्यांच्या आसपास आणायचा तर 100 किलो शेणाला साधारण 25 किलो कोरडा माल लागतो. तुमच्या 360 किलोला रोज 90 किलो. आकडा मोठा वाटेल, पण दोन गोष्टींनी तो खाली येतो. एक, सावलीत वाळवलेलं शेणही कोरड्या मालात धरता येतं. दुसरी, तयार झालेलं कोरडं खत चाळून पुन्हा नव्या शेणात मिसळता येतं. दोन-अडीच महिन्यांनी विकतच्या मालाची गरज पुष्कळ कमी होते.

कोरडा माल ओलावा शोषतो तसा जिवाणूंना कर्बही देतो. मुतात नत्र भरपूर आणि कर्ब जवळजवळ नाही. जिवाणूंना एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब मिळाला की ते नत्र स्वतःच्या शरीरात बांधून घेतात. कर्ब कमी पडला की उरलेलं नत्र अमोनिया होऊन उडतं. पेंढ्यात आणि पाल्यात हा कर्ब आहे. तुसातही आहे, पण तूस सहज कुजत नाही, त्याचा उपयोग ढीग पोकळ ठेवण्यासाठी जास्त. दोन्ही असलेलं बरं.

पाल्याबद्दल एक सुचवतो. ठाणे आणि नवी मुंबईत रस्त्यांच्या कडेला विलायती शिरीष भरपूर आहेत आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून त्यांची पानगळ सुरू होते. सोसायट्यांच्या आवारात पाल्याच्या गोण्या पडून असतात आणि कुठे टाकाव्यात हा त्यांना प्रश्न असतो. तक्रार करणाऱ्या सोसायटीच्याच सचिवांना भेटा, तो वाळका पाला मागा, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांच्या बागेसाठी खताच्या चार गोण्या पोचवा. कोपरखैरणेजवळच्या एका छोट्या गोठ्यात हे जमलं. तिथे तक्रार करणारे काका आता पाल्यात प्लास्टिक येऊ नये म्हणून स्वतः उभे राहतात.

ढीग छातीइतका उंच, खाली पेंढ्याचा वीतभर थर, वर तयार खताचं चार बोटं पांघरूण. हे पांघरूण विसरू नका. त्यातल्या जिवाणूंना हवा आणि ओल दोन्ही मिळते, त्यामुळे आतून वर येणारा अमोनिया आणि सल्फाइड ते वाटेतच खातात. वास मारायला याच्याइतकं स्वस्त काही मला माहीत नाही. तीन-चार दिवसांत ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापला पाहिजे. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम नीट चाललंय. कोमट असेल तर एकतर ढीग ओला आहे किंवा दबलेला आहे.

आता कल्चरकडे येऊ. अशा ढिगात ते उपयोगी पडतं. माझ्या मते सर्वांत चांगलं कल्चर म्हणजे तुमच्याच आधीच्या ढिगातलं पिकलेलं, मातीचा वास येणारं खत. नव्या शेणात दहा किलोला एक किलो या हिशेबाने मिसळा. ते तुमच्या शेणावर, तुमच्या हवेत वाढलेलं असतं. पहिल्याच ढिगाला ते नसेल तर गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक व नैसर्गिक शेती केंद्राचं (पूर्वीचं राष्ट्रीय जैविक शेती केंद्र) वेस्ट डीकंपोजर हे कुजवणारं कल्चर चालेल. 200 लिटर पाण्यात दोन किलो गूळ आणि एक बाटली, रोज ढवळायचं, आठवड्याभरात तयार. नळाचं पाणी वापरत असाल तर आदल्या दिवशी पिंपात उघडं भरून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल.

ईएम (इफेक्टिव्ह मायक्रोऑर्गॅनिझम्स) नावाने मिळतं ते कल्चर वेगळं. जपानमधल्या ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठाचे तेरुओ हिगा यांनी 1980 च्या दशकात ते पुढे आणलं. त्यात मुख्यतः ताकातल्यासारखे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशावर वाढणारे काही जिवाणू असतात. एक लिटर ईएम, एक किलो गूळ, वीस लिटर पाणी, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये आठवडाभर. रोज झाकण क्षणभर सैल करून वायू जाऊ द्यायचा, नाहीतर कॅन फुगून फुटतो. तयार झालं की आंबटगोड वास येतो आणि पीएचच्या पट्टीवर सामू 4 च्या खाली दिसतो. कुजका वास आला तर फेकून द्या. हे पन्नासपट पाण्यात मिसळून धुतलेल्या, निथळलेल्या फरशीवर संध्याकाळी फवारायचं. आंबटपणामुळे रात्रीपुरता अमोनिया दबतो. फरक आहे, पण थोडा, आणि रोज करावं लागतं. फरशीवर मूत साचत असेल तर तेवढाही दिसणार नाही.

हेच आंबट द्रावण जुन्या काळ्या खड्ड्यात मात्र ओतू नका. अमोनिया आंबटपणाने दबतो, पण हायड्रोजन सल्फाइड त्याच आंबटपणाने मोकळा होतो. डेन्मार्कमध्ये स्लरीत सल्फ्युरिक आम्ल घालून अमोनिया दाबतात, पण ते काम बंदिस्त यंत्रणेत, प्रशिक्षित माणसांकडून होतं. आपल्याकडे कोणी तसलं काही सुचवलं तर स्पष्ट नकार द्या.

खड्ड्याबद्दल आणखी एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. तुमचा जुना खड्डा तुम्ही आता रिकामा कराल. त्यात माणूस उतरवू नका. कितीही अनुभवी असो, कितीही उथळ वाटो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खड्ड्याच्या तळाशी साचतो आणि स्लरी ढवळली की एकदम सुटतो. जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे 'वास गेला, आता उतरा' असं वाटतं तीच सर्वांत धोक्याची वेळ. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क याचा काहीही उपयोग नाही. आणि एक माणूस पडला की त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो. चिखल ओढणारा पंप किंवा टँकर बोलवा, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा, दुपारी वारा असताना काम करा.

जागा असेल तर धुण्याच्या पाण्यातल्या शेणकाल्यासाठी गोबरगॅसचा विचार जरूर करा. आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात 1897 मध्येच मैल्यापासून गॅस केला गेला होता, म्हणजे ही विद्या आपल्याला नवीन नाही. इथेही हवेशिवाय जगणारेच जिवाणू काम करतात, पण साखळी पूर्ण होते: एक गट आम्लं तयार करतो, दुसरा ती खाऊन मिथेन करतो. उघड्या खड्ड्यात ही साखळी अर्धवट तुटते म्हणून आंबूस वास उरतो. 25 किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस धरा. बाहेर येणाऱ्या स्लरीला ताज्या शेणापेक्षा कितीतरी कमी वास असतो, पण तिच्यात अमोनिया असतो, म्हणून तीही उघडी न ठेवता वाळका पाला किंवा पेंढा टाकलेल्या वाफ्यात सोडा.

वाऱ्याचा अंदाज घेतलात तर तक्रारी आणखी कमी होतील. आपल्याकडे दुपारी खाडी-समुद्राकडून वारा सुटतो, रात्री आणि पहाटे तो पडतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि तिच्यात वास अडकतो. त्यामुळे ढीग परतणं, नाली उपसणं, खत भरणं हे सगळं दुपारी बारा ते चारच्या मध्ये करा. पहाटे दूध काढण्याच्या वेळी फक्त फरशीवरचं शेण उचला, ढिगाला हात लावू नका.

विक्रेत्याचं कल्चर तरीही वापरून बघायचं असेल तर बघा, पण परीक्षा घेऊन. एकाच दिवशीच्या शेणाचे दोन सारखे ढीग घाला, दोन्हीत सारखा पेंढा. एकावर कल्चर, दुसऱ्यावर तितकंच साधं पाणी आणि गूळ. कोणता कोणता हे फक्त तुम्हाला माहीत असू द्या. घरातल्या दोघांना आणि शक्य झालं तर सोसायटीतल्या एकाला दिवसाआड वास शून्य ते पाच असा नोंदवायला सांगा. तीन आठवड्यांनी वही उघडा. विक्रेता याला तयार नसेल तर तिथेच उत्तर मिळालं.

पावसाळ्याची तयारी मात्र पुढे ढकलू नका. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघडा ढीग पावसाच्या पहिल्याच आठवड्यात पुन्हा खड्डाच होऊन जातो. वर पत्रा हवा, बाजू मोकळ्या हव्यात, आणि जमीन आजूबाजूपेक्षा वीतभर उंच. तूस आणि पेंढा मे संपायच्या आत मुरबाड-शहापूरकडून भरून छपराखाली रचून ठेवा, कारण जुलैत कोरडा माल मिळतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती मिळवून वाचा. तक्रार पुढे गेली तर तुम्ही शेणाचं आणि पाण्याचं काय करता याची रोजची नोंदवही हीच तुमची बाजू मांडेल.

उद्या सकाळी एवढं करा. गोठा धुऊन झाल्यावर फरशी निथळू द्या, मग प्रत्येक म्हशीच्या मागच्या पायांच्या जागी एकेक तांब्या पाणी ओता. पाच मिनिटांनी जिथे जिथे पाणी उभं दिसेल तिथे खडूने गोल काढा. तेवढेच खळगे आधी बुजवायला गवंडी बोलवा.